शरीराचा परवाना : प्रस्तावना

ऑगस्ट २०२०च्या मध्यात पुणेकरांच्या रक्ताचा एक अहवाल जाहीर झाला. आयसर पुणे, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आणि त्यांच्या सहकारी संस्थांनी महापालिकेला सोबत घेऊन २० जुलै ते ५ ऑगस्ट या काळात शहरातल्या १,६६४ जणांचे रक्तनमुने तपासले होते. ज्या भागांत रुग्ण जास्त सापडत होते असे पाच प्रभाग त्यासाठी निवडले होते : येरवडा, कसबा-सोमवार पेठ, रास्ता पेठ-रविवार पेठ, लोहियानगर-कासेवाडी आणि नवी पेठ-पर्वती. तपासलेल्यांपैकी ५१.५ टक्के लोकांच्या रक्तात करोनाच्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी, सापडली. लोहियानगर-कासेवाडीत हे प्रमाण ६५.४ टक्के होते. झोपड्यांत राहणाऱ्यांमध्ये ते ६२ टक्क्यांच्या आसपास होते, फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांमध्ये ३३ टक्क्यांच्या. ज्यांच्या घरात स्वतःचा संडास आहे आणि ज्यांना सार्वजनिक संडासाला जावे लागते, त्यांच्यातही ठळक फरक दिसला.

त्या आधीचे चार महिने जगभर एका कल्पनेवर चर्चा चालू होती. ज्याला करोना होऊन गेला आहे त्याच्या रक्तात प्रतिपिंडे असतील, तर त्याला दाखला द्यावा. तो दाखवून त्याने कामावर जावे, प्रवास करावा, दुकान उघडावे. चिलीच्या सरकारने एप्रिल २०२०मध्ये असे कार्ड देण्याचा मनोदय जाहीर केला होता. २४ एप्रिलला जागतिक आरोग्य संघटनेने सावध केले, की एकदा आजार झालेल्याला तो पुन्हा होणार नाही असे म्हणण्याजोगा पुरावा अद्याप नाही. तरीही कल्पना मागे पडली नाही. टाळेबंदीने अर्थव्यवस्था घुसमटली होती, आणि निदान काही माणसांना तरी मोकळे करता येईल हा विचार मोहात पाडणारा होता.

आता पुण्याचा अहवाल आणि ही कल्पना शेजारी ठेवून पाहा. त्या ऑगस्टमध्ये पुण्यात असे दाखले वाटले असते, तर सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त ते कासेवाडीला मिळाले असते. कोथरूड-औंधच्या सोसायट्यांतल्या माणसांना घरात बसावे लागले असते आणि दहा बाय दहाच्या खोलीत सहा जण राहणारे कुटुंब शहरभर मोकळे फिरले असते. ऐकायला हा उलटा न्याय वाटतो. काहींना तो न्यायच वाटेल. मला तो कधीच वाटला नाही, आणि का वाटला नाही हे नीट सांगता यावे म्हणूनच हे पुस्तक लिहायला घेतले.

आजारातून मिळालेला दाखला फुकट मिळत नाही. त्याची किंमत आधीच भरलेली असते. कासेवाडीतल्या ज्या जवळपास दोन-तृतीयांश लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे सापडली, ती सगळी माणसे संसर्गातून गेली होती, आणि त्यांच्यातली जी वाचली नाहीत त्यांचे रक्त तपासायला कुणी गेले नव्हते. दाखल्याला बाजारात मोल आले की तो मिळवण्यासाठी आजारी पडण्याचेही मोल ठरते. हातावर पोट असलेल्या माणसाला काम हवे असेल आणि काम दाखल्यावर मिळत असेल, तर तो आजार टाळण्याचा प्रयत्न सोडून देईल. कुणी त्याच्यावर जबरदस्ती करण्याची गरजच उरणार नाही.

हे केवळ तर्काने रचलेले भय नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात पीतज्वराच्या साथी वारंवार येत. इतिहासकार कॅथरीन ऑलिव्हेरियस यांनी त्या शहराचा अभ्यास करून दाखवले आहे, की पीतज्वरातून वाचलेल्या माणसाला तिथे नोकरी, कर्ज, विमा, चांगले स्थळ सगळे सहज मिळे. नवागताला कुणी उभे करत नसे. त्यामुळे तरुण माणसे मुद्दाम आजार ओढवून घेत आणि त्यांतली कित्येक मरत. गुलामांच्या बाबतीत तर हा हिशेब अधिक क्रूर होता. आजारातून उठलेल्या गुलामाला जास्त किंमत येई, पण ती त्याच्या मालकाच्या खिशात जाई. एकाच आजारातून गोरा माणूस उठला की त्याचे भांडवल वाढे, आणि काळा माणूस उठला की तो दुसऱ्याचे भांडवल होई. रोगप्रतिकारशक्ती शरीरात तयार होते, पण तिचा लाभ कुणाला मिळायचा हे त्या शरीराचे समाजात स्थान काय यावर ठरते. पुढची सगळी प्रकरणे या एका वाक्याभोवती फिरतात.

पुण्याला या प्रश्नाची ओळख नवी नाही. १८९७च्या सुरुवातीला प्लेग पुण्यात पसरला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला, अवघ्या काही कलमांचा, पण सरकारला जवळपास अमर्याद अधिकार देणारा. रँडच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती बसली, घरझडतीसाठी गोरे सोजीर पेठांमध्ये शिरले, माणसे उचलून छावण्यांत नेली गेली. १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता त्याच आजाराने गेल्या. २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. हा इतिहास शाळेत सगळ्यांनी वाचलेला असतो. त्याच वर्षी मुंबईत घडलेली दुसरी गोष्ट आपण सहसा त्याच्याशी जोडत नाही. १० जानेवारी १८९७ रोजी ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्डेमार हाफकिन यांनी स्वतः बनवलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे मुंबई इलाख्यात ती लस घेणाऱ्यांना दाखले मिळू लागले, आणि दाखला असेल त्याला विलगीकरणाच्या काही निर्बंधांतून सूट मिळे. १८९८मध्ये हुबळी-धारवाड भागात हजारो लोकांनी लस टोचून घेतली.

लस उपयोगी होती, याबद्दल मला शंका नाही. मला अडते ते दुसरीकडे. ज्या माणसाने सोजीर घरात शिरलेले पाहिले आहेत, चारचौघांत बायकांची तपासणी झालेली पाहिली आहे, अंथरूण-पांघरूण रस्त्यावर आणून जाळलेले पाहिले आहे, त्याला एक कागद दाखवला आणि सांगितले की हा घे म्हणजे छावणीतून सुटशील, तर तो हात पुढे करणारच. त्याने लसीला संमती दिली की छावणीला नकार दिला? नोंदवहीत दोन्ही सारखेच दिसते. निर्बंध जितका जाचक, तितका त्यातून सोडवणारा दाखला मोलाचा, आणि तितकीच त्यामागची संमती दुबळी. प्लेगच्या काळातली ही गाठ २०२१ सालीही सुटलेली नव्हती. १३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्र सरकारने पुणे, मुंबई आणि इतर शहरांत जो कायदा लागू केला तो १८९७चाच होता.

आता दुसऱ्या दाखल्याकडे येऊ. आजारातून मिळणारा दाखला आपल्याकडे प्रत्यक्षात आला नाही. आला तो लशीचा. आणि लस तर पुण्याचीच होती. १२ जानेवारी २०२१च्या पहाटे सीरम इन्स्टिट्यूटमधून कोविशील्डचे पहिले खोके विमानतळाकडे निघाले आणि १६ तारखेला देशभर लसीकरण सुरू झाले. आधी आरोग्य कर्मचारी आणि आघाडीवर काम करणारे, मार्चपासून साठीच्या पुढचे, एप्रिलपासून पंचेचाळिशीच्या पुढचे, १ मेपासून अठरा वर्षांवरचे सगळे. हा क्रम मला योग्यच वाटतो. ज्याच्या जिवाला धोका जास्त त्याला लस आधी, यापेक्षा न्याय्य क्रम सुचवणे कठीण आहे.

घोटाळा पुढे झाला. लशीचा हा न्याय्य क्रम ज्या दिवशी दाखल्याचाही झाला, त्या दिवशी तो न्याय्य राहिला नाही. ऑगस्ट २०२१मध्ये निर्बंध सैल करताना पुण्यातल्या मॉलमध्ये दोन डोस झालेल्यांनाच प्रवेश देण्याचे ठरले. १५ ऑगस्टपासून मुंबईची लोकल दोन डोस घेऊन चौदा दिवस उलटलेल्यांना खुली झाली. या अटीचा हिशेब कुणी कागदावर मांडून पाहिला होता की नाही, ठाऊक नाही. मी मांडतो. १ मेला अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या लोकांसाठी लसीकरण उघडले, पण लस पुरेना म्हणून राज्याने १२ मेला ते थांबवले. १३ मेला कोविशील्डच्या दोन डोसांमधले अंतर १२ ते १६ आठवडे झाले. सर्वांना मोफत लस देण्याचे केंद्राचे धोरण २१ जूनला लागू झाले. त्या पहिल्याच दिवशी रांगेत उभे राहून ज्या पंचविशीच्या मुलाने कोविशील्डचा पहिला डोस घेतला, त्याचा दुसरा डोस १३ सप्टेंबरच्या आधी होऊच शकत नव्हता, आणि चौदा दिवस धरले तर त्याचा दाखला २७ सप्टेंबरला पुरा होत होता. एकही दिवस न दवडता, सरकारने सांगितले ते सगळे केले, तरीही १५ ऑगस्टला त्याच्यासाठी लोकलचे दार बंद. हाच मुलगा मे महिन्यात खासगी रुग्णालयात पैसे मोजू शकला असता, किंवा मोबाइलवर झटपट बोटे चालवून कोविनवर जागा पटकावू शकला असता, तर गोष्ट वेगळी. त्या दिवसांत पुण्यातली माणसे जागा मिळेल त्या ग्रामीण केंद्रांवर गाड्या काढून जात होती आणि आमच्या वाट्याची लस शहरवाले नेतात म्हणून गावकरी हरकत घेत होते. सर्वोच्च न्यायालयानेही ३१ मे २०२१च्या आदेशात केवळ ऑनलाइन नोंदणीवर बेतलेल्या लसीकरणाबद्दल सरकारला प्रश्न विचारले होते.

आजारातून उठलेल्याची तर याहून बिकट अवस्था होती. मे २०२१मधल्या सूचनेप्रमाणे करोनातून बरे झालेल्याने लशीसाठी तीन महिने थांबायचे होते. दुसऱ्या लाटेत पुण्यात आजारी पडून ३० एप्रिलला बरी झालेली एखादी घरकामगार बाई घ्या. पहिला डोस ३० जुलैला, दुसरा २२ ऑक्टोबरला, दाखला ५ नोव्हेंबरला, म्हणजे थेट दिवाळीच्या पाडव्याला. युरोपीय संघाच्या प्रमाणपत्रात आजारातून बरे झालेल्यांना १८० दिवसांपर्यंत मान्यता होती. आपल्या राज्याच्या नियमांत ती नव्हती. २७ नोव्हेंबर २०२१च्या आदेशात पूर्ण लसीकरण झालेला म्हणजे कोण, याची व्याख्या केली गेली. तीत दोन डोस होते, चौदा दिवस होते, वैद्यकीय कारणाने लस न घेऊ शकणाऱ्यासाठी डॉक्टरांचे पत्र होते, अठरा वर्षांखालच्यांना सूट होती. आजार भोगलेल्याचा उल्लेख नव्हता. त्या घरकामगार बाईच्या रक्तात प्रतिपिंडे असण्याची शक्यता कदाचित सोसायटीतल्या तिच्या मालकिणीपेक्षा जास्त होती, पण फाटकावर तिच्याकडे मागितले जात होते ते मोबाइलवरचे प्रमाणपत्र. ते मागणारा सुरक्षारक्षक कंत्राटावर होता, आणि त्याचे स्वतःचे दोन डोस झाले आहेत का हे कुणी विचारत नव्हते.

म्हणजे एकाच शहरात, एका वर्षाच्या अंतराने, दोन याद्या तयार झाल्या. पहिलीत कासेवाडी वर होती. ती यादी कधी वापरली गेली नाही. दुसरीत ती खाली होती, आणि वापरली गेली ती हीच.

अंतराच्या नियमाबद्दल एक गोष्ट मला अजूनही खुपते. चौऱ्याऐंशी दिवसांचे अंतर प्रतिकारशक्ती अधिक चांगली व्हावी म्हणून आहे असे सांगितले गेले, आणि तसे सांगण्यामागे खरोखर अभ्यास होते. पण ७ जून २०२१ला केंद्राने परदेशी शिकायला, नोकरीला किंवा ऑलिंपिकला जाणाऱ्यांसाठी तेच अंतर २८ दिवसांवर आणले. पुण्यातून दरवर्षी बाहेर जाणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या पाहता ही सवलत गरजेची होती, तिला माझा विरोध नाही. फक्त विमानासाठी अंतर कमी करता येत होते, तर पुणे स्टेशनवरून मुंबईला रोजीरोटीसाठी जाणाऱ्यासाठी अंतर नाही तर निदान अट तरी सैल करता आली असती. हा प्रश्न त्या वेळी फारसा कुणी विचारला नाही.

परदेशी जाणाऱ्यांचे सुख तरी किती टिकले? १ जुलै २०२१ला युरोपचे डिजिटल प्रमाणपत्र सुरू झाले. त्यात अॅस्ट्राझेनेकाची युरोपात मान्यता पावलेली लस होती, कोविशील्ड नव्हती. पुढे एकेका देशाने ती मान्य केली. ब्रिटनने तर सप्टेंबरमध्ये आधी भारतात लस घेतलेल्यांना लस न घेतलेलेच मानले. २२ सप्टेंबरला कोविशील्डला मान्यता दिली, पण भारतीय प्रमाणपत्राला नाही. ४ ऑक्टोबरपासून भारताने ब्रिटिश प्रवाशांवर तशीच बंधने घातली, आणि ब्रिटनने आपला निर्णय फिरवला, तो ११ ऑक्टोबरपासून लागू झाला. त्याच ब्रिटनला त्या वर्षीच्या वसंतात सीरमने लशीचे ५० लाख डोस पाठवले होते आणि ते तिथल्या लोकांना टोचले गेले होते. सीरमच्या मांजरीतल्या कारखान्यात भरलेली कुपी लंडनमधल्या दंडात टोचली तर ग्राह्य, हडपसरमधल्या दंडात टोचली तर अग्राह्य. विषाणूला हा फरक कळणे शक्य नव्हते. प्रमाणपत्राला तो कळत होता, कारण प्रमाणपत्र कुणी दिले आहे याचाच तो फरक होता.

तरीही सगळे दाखले मोडीत काढा असे या पुस्तकाचे म्हणणे नाही. मी लसीकरणाच्या बाजूचा माणूस आहे. लशीने गंभीर आजार आणि मृत्यू टाळले, यावर माझा ठाम विश्वास आहे, आणि लशीविरुद्धच्या अफवांनी आपल्याकडे जीव घेतले आहेत असेही मला वाटते. एप्रिल २०२१मध्ये पुण्यातल्या माणसांनी ऑक्सिजनसाठी जी वणवण केली ती पाहिलेल्या अधिकाऱ्याने, लोकांनी लस घ्यावी म्हणून हाताला लागेल ते हत्यार वापरले, तर त्याचा हेतू मला कळतो. पीतज्वराचे पिवळे कार्ड कितीतरी वर्षे चालत आले आहे. २०१६पासून ते आयुष्यभरासाठी ग्राह्य धरले जाते, कारण ती लस संसर्ग खरोखर रोखते आणि तिचे संरक्षण टिकते. शिवाय ते कार्ड मर्यादित प्रवासापुरते मागितले जाते. भाजी आणायला जाताना ते कुणी विचारत नाही. अतिदक्षता विभागातल्या परिचारिकेने लस घेतलेली असावी ही अपेक्षाही मला रास्त वाटते. तिच्यासमोर झोपलेल्या रुग्णाला परिचारिका निवडता येत नाही. मात्र तिला लस कामाच्या ठिकाणी मोफत मिळाली पाहिजे आणि ताप आला तर भरपगारी रजाही.

करोनाच्या प्रमाणपत्राचे असे नव्हते. ते जे सिद्ध करू शकत होते आणि त्याच्याकडून जे सिद्ध करून मागितले जात होते, यांत अंतर पडत गेले. २६ नोव्हेंबर २०२१ला जागतिक आरोग्य संघटनेने नव्या विषाणूरूपाला ओमिक्रॉन हे नाव दिले. दुसऱ्याच दिवशी राज्याचा तो आदेश निघाला : सार्वजनिक वाहतूक, मॉल, कार्यक्रम, सगळीकडे दोन डोस हवेत; नियम मोडणाऱ्या व्यक्तीला ५०० रुपये दंड, आस्थापनेला १०,००० रुपये. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पिंपरी-चिंचवडमध्ये आणि पुण्यात ओमिक्रॉनचे रुग्ण सापडले, आणि जानेवारी उजाडेपर्यंत दोन डोस घेतलेली माणसे घराघरात आजारी पडत होती. लस त्यांना रुग्णालयापासून वाचवत होती. शेजाऱ्याला त्यांच्यापासून वाचवण्याचे तिचे सामर्थ्य मात्र बरेच कमी झाले होते. प्रमाणपत्र मागण्याचे समर्थन होते ते याच दुसऱ्या सामर्थ्याच्या जोरावर. माझ्यापुरत्या धोक्यासाठी राज्याने मला समजावून सांगावे, आर्जव करावे, दारी येऊन लस टोचावी. गाडीत चढू न देण्याचा अधिकार त्याला मिळतो तो माझ्यामुळे दुसऱ्याला धोका असेल तेव्हाच, आणि तेवढ्यापुरताच.

न्यायालयांत हा वाद गेला. मुंबई उच्च न्यायालयात लोकलच्या बंदीविरुद्ध याचिका झाल्या, आणि फेब्रुवारी २०२२मध्ये मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता यांच्या खंडपीठाने हा निर्णय घेताना ठरलेली प्रक्रिया पाळली गेली नसल्याचे निरीक्षण नोंदवले. २ एप्रिल २०२२ला, गुढीपाडव्याला, राज्यातले सगळे निर्बंध उठले. ठीक महिन्याने, २ मेला, सर्वोच्च न्यायालयाने जेकब पुलियेल खटल्यात निकाल दिला. न्यायमूर्ती एल. नागेश्वर राव आणि न्यायमूर्ती भूषण गवई यांनी म्हटले, की स्वतःच्या शरीरावरचा अधिकार अनुच्छेद २१मध्ये येतो आणि कुणालाही लस घेण्याची सक्ती करता येत नाही. सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार निर्बंध घालू शकते, पण ते प्रमाणात हवेत, आणि लस न घेतलेल्यांमुळे जास्त संसर्ग पसरतो असा पुरावा समोर आलेला नसल्याने तेव्हाचे निर्बंध प्रमाणात नव्हते. निकाल महत्त्वाचा आहे. पण तो आला तेव्हा गाड्या सुरू झाल्या होत्या, मॉल उघडले होते, आणि ज्यांची कामे दाखल्यापायी गेली त्यांची भरपाई कुणी करणार नव्हते. शिवाय त्यात मुख्य विचार होता तो लस नाकारणाऱ्याचा. लस हवी असून जिला मिळाली नाही, त्या बाईचा खटला कुणी लढवलाच नाही. माझ्या लेखी नैतिक प्रश्नाचा गाभा तिच्यापाशी आहे, आणि म्हणून पुस्तकातली सर्वांत मोठी दोन प्रकरणे मी तिला दिली आहेत.

विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४च्या आपल्या २८६व्या अहवालात १८९७चा कायदा आजच्या साथींना पुरा पडत नाही असे म्हटले आहे. कायदा बदलेल तेव्हा त्यात विलगीकरण, टाळेबंदी, लसीकरण यांच्याबद्दल कलमे येतील. दाखल्याबद्दल काय येईल, हे आत्ता ठरवायला हवे. दाखला मागण्याआधी तो मिळवण्याची वाट सर्वांसाठी किती दिवस उघडी असायला हवी? आजार भोगलेल्याला त्यात जागा असेल का? पोट भरण्याची जागा आणि करमणुकीची जागा यांना एकच नियम लावायचा का? सोसायटीच्या समितीला किंवा दुकानदाराला परस्पर दाखला मागण्याचा अधिकार कुणी दिला, आणि तो कधी संपतो? साथ ओसरल्यावर साठवलेली माहिती कुणी पुसायची? शेवटचे प्रकरण या प्रश्नांची कलमवार उत्तरे देण्याचा प्रयत्न करते. डॉक्टर, वकील, घरकामगारांच्या आणि कचरावेचकांच्या संघटनांतले कार्यकर्ते आणि त्या दोन वर्षांत वॉर्ड ऑफिसात राबलेली मंडळी यांनी ते प्रकरण सर्वांत आधी वाचावे, आणि जे चालणार नाही ते खोडून तिथे काय चालेल ते लिहावे.